उद्याच्या सकाळची नोंद

...आणि वर ती डॉक्टरीण मला विचारते, ‘काका, वही रोजच्या रोज भरलीत ना?’ मला. तुम्हाला सांगतो, तेहतीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या. लिफ्टमध्ये भिंतीला एक कार्ड असतं, तारीख, शेरा, सही. तुम्ही ते कधी वाचलं नसेल. मी वाचायचो, आणि एका नजरेत ओळखायचो की या महाभागानं सहा महिन्यांच्या सह्या एका बैठकीत, चहा पिता पिता ठोकल्या आहेत. लिफ्ट तिथल्या तिथं बंद. असल्या माणसांविषयी माझं मत चारचौघांत सांगण्यासारखं नाही... असो. विषय पोटाचा आहे, आणि माझं पोट ठणठणीत आहे, हे मी लेखी देतो.

भानगड धाकट्या बहिणीची. आतड्याला सूज, चार वर्षं अंगावर काढली, शेवटी हातभर आतडं कापावं लागलं. तर म्हणे हा आजार भावंडांतही निघतो, दुखणं सुरू होण्याआधीच पोटातल्या जंतूंवरून त्याची चाहूल लागू शकते आणि वेळेत सापडला तर गोळ्यांवर निभावतं. म्हणून मी महिनाभर रोज सकाळी काय झालं, कसं झालं, रक्त दिसलं का, ते लिहायचं, आणि शेवटी डबीतून नमुना द्यायचा. संडासातून बाहेर येऊन लेखनाला बसणारा माणूस पाहिलाय तुम्ही?

डॉक्टरीण भाचीच्या वयाची. म्हणते, ‘पोटात अब्जावधी जंतू असतात काका, त्यांतले पुष्कळसे उपकारी.’ उपकारी! माझ्या हाताखाली बारा माणसं होती, त्यांत एक उपकारी निघाला नाही, आणि हे न दिसणारे, फुकट जेवणारे...

बायको म्हणाली, ‘अहो, दोनदा रक्त पडलं, ते लिहिलंत का?’ म्हटलं, उष्णता असेल, तू तुझं बघ. माझं पोट ठणठणीत आहे, लेखी देतो. आणि दिलं की. नमुना द्यायच्या आदल्या संध्याकाळी बसलो आणि तीसच्या तीस ओळी, ‘ठीक, ठीक, ठीक’, खाली झोकदार सही.

आठवड्यानं बोलावलं. तिनं वही समोर ठेवली. आवाज अगदी शांत. ‘काका, शाई एक, अक्षर एका बैठकीचं. शिवाय वही तुम्ही बुधवारी दिलीत, आणि तिच्यात गुरुवारची सकाळसुद्धा ठीक आहे.’

मी पंख्याकडे बघितलं.

‘नमुना वेगळंच सांगतोय. उपकारी जंतू रोडावलेत, सुजेचा आकडा चढलाय. दुर्बिणीनं बघावं लागेल. आता तरी सांगा, रक्त पडलं होतं?’

...दोनदा, म्हटलं.

बहिणीला कळलंच. फोनवर एवढंच म्हणाली, ‘दादा, मीही चार वर्षं सगळ्यांना ठीकच सांगत होते रे.’ आणि ठेवला. तिच्यासमोर कसली सही दाखवणार होतो मी?

दुर्बिणीत आजाराची सुरुवात निघाली. नुसती सुरुवात, म्हणून गोळ्यांवर निभावलं. आता नवी वही. संडासाच्या दाराला आतून, दोरीनं टांगलेली. तारीख, शेरा, सही. शेरा मी लिहितो. सहीचा अधिकार मात्र बायकोकडे गेलाय, आणि ती, तुम्हाला सांगतो, पाणी सोडायच्या आधी आत येऊन स्वतः बघितल्याशिवाय सही करत नाही.