नानांचा मुरुमाचा चढ

अक्का, ट्रकवाले भाऊ, समस्त मिस्तरी मंडळी. धुळ्याचे आलात, शिरपूर-नरडाण्याहून आलात. नाना गेले. अशा वेळी काय बोलावं, सुचत नाही. मला तर मुळीच नाही. कारण खरं सांगतो, ही गर्दी बघूनसुद्धा मी जळतोय. माझ्या मागे एवढी माणसं येतील का, हेच डोक्यात चाललंय.

आत्माराम नानांचं गॅरेज रस्त्याच्या त्या बाजूला, माझं या बाजूला. पाने तेच, ग्रीस तेच. गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडे. का? माझ्या हातून गेलेली गाडी घाटात तापायची. नानांची तापायची नाही.

दारापुढे त्यांनी मुरुमाचा चढ केला होता. पाण्याचा पंप बदलला, पाईप बदलला, की गाडीचं तोंड त्या चढावर. थंड इंजिन, रेडिएटरचं झाकण उघडं. मग गाडी चालू करायची, बारीक धारेनं पाणी ओतायचं, पाईप हातानं दाबत राहायचं. आत अडकलेली हवा, जिच्यामुळे इंजिन तापतं, ती बुडबुड करत वर यायची. बुडबुडे थांबेपर्यंत नाना हलायचे नाहीत.

मी इकडून ओरडायचो, "नाना, पूजा मांडली का?"

ते म्हणायचे, "हवाले निंघाले वेळ लागस, भाऊ." हवेला निघायला वेळ लागतो म्हणे!

मी? पाणी भरलं, झाकण लावलं, गाडी मोकळी. वर गिऱ्हाइकांना सांगायचो, म्हातारा नुसता वेळ काढतो.

आता ऐका. अक्का, तुमच्या घरधन्याची गोष्ट आहे, तुम्हीपण ऐका. रस्त्याचं काम निघालं, तेव्हा नानांचा चढ सपाट झाला. तो मी करायला लावला. रोलरवाल्याला चहा पाजून. मीच. आजपर्यंत कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे आले. माझ्या दारात गटारावरून वर यायला चढ आहे. म्हणाले, "भाऊ, तुना चढवर गाडी लावू का?" नाही कसं म्हणणार? त्या दिवसापासून ते माझ्या दारात हवा काढायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, खिजवताहेत. पण बघून बघून शिकलो. माझ्या गाड्या तापायच्या थांबल्या.

परवा नानांना बघायला दवाखान्यात गेलो. कबूल करायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडायच्या आत नानांनी माझा हात धरला. म्हणाले, "तुना चढ तरी मोडू नको."

म्हणजे माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं, आणि रोज माझ्या दारात चहा पीत होते! मला नसतं जमलं. मंडळी, याचाही मला हेवा वाटतो. सगळ्यात जास्त याचाच वाटतो.

उद्या नानांच्या दारात मुरुमाची गाडी येईल, चढ पुन्हा करायला. अक्का, नाही म्हणू नका.

आता उभे राहू या. बुडबुडे थांबेपर्यंत नाना जसे गप्प उभे राहायचे, तसे. कुणी घाई करू नका.