नवा व्हॉल्व, जुनी लाइन

(तपासणीची खोली. म्हातारा प्लंबर डाव्या कुशीवर पडलेला. डॉक्टर त्याच्या छातीवर यंत्र फिरवते आहे. बायको शेजारी खुर्चीत.)

प्लंबर : कुणाचा विश्वास बसणार नाही डॉक्टर, पण हृदयात नवा व्हॉल्व बसला आणि तिसऱ्या दिवशी ते असं काही चाललं, की वॉर्डातल्या कोरड्या नळाला पाणी आलं.

बायको : झालं यांचं सुरू.

डॉक्टर : आजोबा, बोलू नका. चित्र हलतंय.

प्लंबर : हलणारच. आतला माल नवा, बाहेरचं खोकं भंगारातलं. जन्मभर लोकांचे व्हॉल्व बदलले आणि स्वतःचा तुंबला तेव्हा म्हटलं, अपचन असेल. असा मी कारागीर.

डॉक्टर : व्हॉल्व छान उघडतोय. पण हृदयाची भिंत अजून जाडच आहे.

बायको : म्हणजे काय हो?

डॉक्टर : जुन्या व्हॉल्वची वाट अरुंद झाली होती. तिच्यातून रक्त रेटून रेटून स्नायू जाड झाला. आता वाट मोकळी आहे, तर तो हळूहळू उतरायला हवा. सहा महिने झाले, तसूभर फरक नाही.

प्लंबर : त्याला कुणी कळवलं नसेल, दार उघडलंय म्हणून. माझंच हृदय ते. मलाही सगळं उशिराच कळतं.

बायको : आणि नाहीच उतरला तर?

डॉक्टर : हृदय थकत जाईल. दारातली अडचण गेली, पण पुढच्या धमन्या वयानं कडक झाल्यात. प्रेशर चढलं की हृदयाला पुन्हा तेवढाच जोर लावावा लागतो. आज चांगलंच चढलंय. प्रेशरची गोळी चालू आहे ना?

प्लंबर : आता बघा, नवा व्हॉल्व बसवला की आम्ही पूर्ण दाबानं पाणी सोडतो. लाइन धुऊन निघते, सगळा गाळ बाहेर. दाबच कमी केला तर गाळ निघायचा कसा?

डॉक्टर : धमन्यांचा गाळ असा निघत नाही, आजोबा. दाबानं त्या आणखी खराब होतात. गोळी बंद केलीत?

प्लंबर : छे, मी आपला धंद्यातला विचार सांगितला. गोळी रोज घेतो. सकाळी उठलो की पहिलं काम तेच. एकदा तर झोपेतच उठून घेतली.

बायको : पाकीट फोडलेलंच नाही तुम्ही. रोज बघते मी.

प्लंबर : अगं, मग विचारायचं की मला.

बायको : विचारलं असतं, तर तुम्ही काहीतरी सांगितलं असतं. आणि मला ते पटलं असतं.