झमकूबाईंच्या सात बियांबाबत पुरवणी जबाब

मी, पितांबर मगन बडगुजर, वय ४९ वर्षे, धंदा शेतकी संशोधन केंद्रात रोजंदारी मजुरी, राहणार पिंप्राळा, जळगाव, स्वतः होऊन ठाण्यात येऊन सांगतो की,

दिनांक २ नोव्हेंबर रोजी सकाळी सहा वाजता आंघोळ व देवपूजा उरकून मी गच्चीवर गेलो आणि ट्रेमधील गुलबक्षीची रोपे मोजली. नऊ भरली. सर्व हिरवी होती. एकाही पानावर पांढरा चट्टा नव्हता. मी पुन्हा मोजली. नंतर चहा घेतला नाही.

आमच्या शेजारी दीपचंद शेठ राहतात. त्यांच्या आई झमकूबाई, वय ८२, यांनी लग्नात माहेरहून, म्हणजे पालीहून, चट्टेदार पानांच्या गुलबक्षीचे बी पदरात बांधून आणले होते. हे बी त्या फक्त घरच्या मुलींना सासरी जाताना देतात. पडलेल्या बिया रोज संध्याकाळी मोजून डब्यात ठेवतात. सात बिया कमी भरल्या आणि माझी पत्नी कामिनी हिच्या कुंडीत तसलेच झाड दिसले, म्हणून त्यांनी सप्टेंबरमध्ये तक्रार दिली होती.

तेव्हा मी जबाब दिला की, आमचे झाड साधे हिरवे होते, शेठच्या झाडाचा पराग पाखरांनी आणला, म्हणून त्याच्या बियांतून चट्ट्यांचे रोप आले. कामिनीने मला तसेच सांगितले होते. सव्वीस वर्षे मी फुलांना परागच लावतो, म्हणून माझा शब्द धरला गेला व तक्रार निकाली निघाली.

त्यानंतर शेठ आईंना म्हणाले, "माँ, तुझी मोजणी चुकते आता." डबा काढून घेतला. येत्या गुरुवारी त्यांना नाशिकला स्मरणशक्ती तपासायला नेणार आहेत. झमकूबाई ओट्यावर बसत नाहीत. मी त्या बाजूने सायकल नेत नाही.

पहिल्या जबाबानंतर दोन दिवसांनी मी दुपारी चार वाजता आमच्या हिरव्या झाडाच्या अकरा कळ्यांतील पुंकेसर चिमट्याने काढले. संध्याकाळी फुले उमलल्यावर शेठच्या झाडाचा पराग लावून दोरे बांधले. त्याकरिता शेठच्या कुंपणावरून दोन फुले न विचारता घेतली, हेही लिहावे. त्या बियांची ही नऊ रोपे.

केंद्रातील मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "पितांबरभाऊ, फुलाचा रंग दोघांकडून येतो. पण पानातल्या हिरव्या कणांचा वारसा वेगळा असतो. गुलबक्षीत तो आईकडूनच येतो, परागातून नाही." म्हणजे चट्टेदार रोपाची आई चट्टेदारच असली पाहिजे. आमच्या घरी तशी आई नव्हती.

मी घरी येऊन कामिनीला विचारले, "किती?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सात." मग म्हणाली, "बी मांगी पाह्यं व्हतं. त्या म्हने पोरीलेच देस. मी कोनी पोर नही का?"

तिने सांगितले की, सातांपैकी तीन रोपे पांढरी उगवून मेली, तीन हिरवी निघाली, एकावर चट्टे आले; चट्टेदार आईला अशी तिन्ही तऱ्हेची रोपे होतात. यावरून झमकूबाईंची मोजणी बरोबर होती.

जबाब घेणारे हवालदार अभिमन यांनी मला समजावले, "भाऊ, प्रकरण मिटेल शे. घरी जेवनं शे ना तुम्हाले? आन त्या हिरव्या कनाले मी कोनतं कलम लावू?" मला कलमाची माहिती नाही. जेवण सकाळपासून झालेले नाही.

तरी माझा सप्टेंबरचा जबाब चुकीचा असल्याने मी तो आज मागे घेतला आहे. झमकूबाईंना विसर पडलेला नाही, असे लिहून त्याची नक्कल दीपचंद शेठ यांना गुरुवारच्या आत मिळावी असा अर्ज दिला आहे. चट्टेदार रोपाची कुंडी ठाण्यात येतानाच त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो.

हवालदारांनी हा मजकूर मोठ्याने वाचला. दार उघडे असल्याने बाहेर बाकावर बसलेल्या कामिनीनेही तो ऐकला. बिया तोडलेल्या नसून खाली पडलेल्या उचलल्या, अशी भर घालण्यास तिने तेथूनच सांगितले. ती घातली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

सही
पितांबर मगन बडगुजर