नवरदेव चिखलात उतरला आणि लग्न लागलं

मंडळी, जरा पुढे सरकून बसा आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. वाट विचारायला अर्धं मिनिट लागतं. न विचारता भटकायला दीड तास. तरी माणूस दीड तासच का निवडतो? समोरचे काका हसताहेत. शेजारी काकू बसल्यात, त्या अजिबात हसत नाहीत — म्हणजे हा प्रश्न त्यांच्या घरी कालच येऊन गेलेला दिसतोय.

तर ऐका. समुद्राजवळ एक खाडी. अलीकडे शिरोटी गाव, पलीकडे पैलवाडी. शिरोटीच्या विश्रामचं लग्न पैलवाडीच्या वैदेहीशी ठरलं. मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा. रस्त्याने जायचं तर बावीस मैलांचा वळसा, म्हणून वऱ्हाड होडीने निघालं. होडी कुणाची? विश्रामच्या दोस्ताची, सुहास तांडेलची. नवीकोरी, इंजिनाची. सुहास सुकाणूवर असा उभा, की पाहणाऱ्याला वाटावं लग्न याचंच आहे.

वऱ्हाडात मागच्या फळीवर द्वारकाआक्का बसल्या होत्या. पस्तीस वर्षं या खाडीत त्यांनी तरीची होडी वल्हवली — माणसं, शेळ्या, एकदा तर अख्खं कपाट पलीकडे नेलं. दोन वर्षांपूर्वी गुडघे थकले, वल्हं खाली ठेवलं. आक्का म्हणाल्या, "सुहास, पावसाळ्यानंतर पलीकडे पहिल्यांदाच निघालास ना? वाळू यंदा कुठे बसली, विचारलंस का कुणाला?"

सुहासने मोबाईल पुढे केला. "विचारायचं कशाला, आक्का? हा बघा खाडीचा नकाशा. सगळं दिसतं यात."

आक्कांनी नकाशा पाहिला. "छान आहे," म्हणाल्या, आणि गप्प बसल्या.

मंडळी, जाणतं माणूस "छान आहे" म्हणून गप्प बसलं ना, की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

होडी निघाली. ढोल वाजतोय, माम्या गाताहेत, वारा कसा झकास. खाडीच्या मध्यावर तीन बायका गुडघाभर पाण्यात शिंपल्या काढत होत्या. त्यांनी हात केला. वऱ्हाडानेही हात केला. केवढं प्रेम! आणि पुढच्याच क्षणाला — खस्स. होडी जागच्या जागी थांबली. ढोलवाला ढोलावर, मामा मामीवर, आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या नाकावर.

वाळूत रुतली होती. सुहासने इंजिन वाढवलं. होडी हलेना. मागे घेऊन पाहिली. गढूळ पाणी उसळलं, होडी आणखी बसली. विश्रामच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. दहा वीस. आणि ओहोटी लागलेली. पाणी एकदा उतरलं, की संध्याकाळच्या भरतीपर्यंत होडी तिथेच. तिकडे मांडवात मुलगी हार घेऊन उभी आणि इकडे नवरदेव बगळ्यांच्या पंगतीला!

चाळीस माणसं सुहासकडे बघताहेत. त्याचे कान तापले. मोबाईलवर अजून निळंभोर खोल पाणी दिसतंय. त्याने तो खिशात टाकला आणि मागे आक्कांपाशी गेला. दहा पावलं. पण मंडळी, बावीस मैलांपेक्षा ती लांब होती.

"आक्का," तो म्हणाला, "मला कळत नाहीये. काय करू?"

मला कळत नाहीये. तीनच शब्द. घरी आरशासमोर म्हणून बघा. जीभ वळत नाही.

आक्कांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं का? नाही. त्या म्हणाल्या, "आधी इंजिन बंद कर. पंखा वाळू उकरून आपल्याच पोटाखाली लोटतोय. आता वजन उतरव. सगळे पुरुष पाण्यात."

कुणी हलेना. कडक इस्त्रीचे कपडे, कोरे सदरे. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. आक्का म्हणाल्या, "विश्राम, तू उतर. तू उतरलास की कुणाला नाही म्हणता येणार नाही."

आणि नवरदेवाने सोवळं-ओवळं, शेला-बिला सगळं विसरून मारली उडी. मांडीपर्यंत चिखल. मग काका उतरले, मामा उतरले, भटजीबुवा धोतर वर धरून उतरले. होडी चार बोटं वर आली.

"आता कुठल्या बाजूला ढकलू?" सुहासने विचारलं.

"ते मला माहीत नाही," आक्का म्हणाल्या.

सगळे गार.

"दोन वर्षं मी खाडीत आले नाही रे. यंदाची वाळू मी कशी सांगू? मीसुद्धा दर पावसाळ्यानंतर त्यांनाच विचारायची." आणि त्यांनी शिंपल्या काढणाऱ्या बायकांकडे बोट केलं. "त्या रोज पायाने तळ चाचपतात."

सुहासने हाका मारल्या. त्यांच्यातली थोरली, राधाबाई, टोपली डोक्यावर घेऊन आली. म्हणाली, "मघाशी हात केला, तो थांबा म्हणून केला होता. तुम्ही उलट टाटा करून गेलात."

मग काय वरात निघाली म्हणता! पुढे तिघी टोपल्या घेऊन, पायाने खोली बघत. मागे होडी, तिला ढकलणारा नवरदेव. ढोल होडीत राहिलेला, म्हणून ढोलवाला पाण्यातूनच होडीच्या फळीवर ठेका धरतोय. ठेक्यावर एक धक्का, ठेक्यावर एक धक्का. शंभरेक पावलांवर राधाबाई गळ्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "हे घे तुझं खोल पाणी." होडी तरंगली. त्या तिघींनाही वर घेतलं — जेवायला चला म्हणून.

अकरा बत्तीसला पैलवाडी. नवरीची आई जावयाचे पाय धुवायला तांब्या घेऊन आली आणि बघतच राहिली, पाय नेमके कुठून सुरू होतात? अंतरपाट दूर झाला. वैदेहीने पाहिलं, तर नवऱ्याच्या मुंडावळ्यांत शेवाळ. ती हसली, मग तोही हसला, आणि अक्षता कुठल्या कुठे पडल्या. पण लग्न लागलं. वेळेवर लागलं.

पंगतीत सुहास कुठे बसला? राधाबाईशेजारी. विचारत होता, अमुक ठिकाणी पाणी किती, तमुक ठिकाणी वाळू का. राधाबाईने पानातल्या भातातून आमटीची वळणावळणाची वाट काढली आणि म्हणाली, "ही बघ यंदाची खाडी." तो पानातलं काही खाईचना. पाठ करत बसला.

मंडळी, आपण रोज हात जोडून म्हणतो, देवा, वाट दाखव. देव दाखवतो हो. पण तो चिखलात उभा राहून हात करतो, आणि आपल्याला वाटतं नमस्कार करतोय. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत असं कोण आहे, ज्याला विचारायचं तुम्ही वर्षभर टाळताय? सासूबाई असतील. जुने कारागीर असतील. कदाचित तुमच्याहून लहान असेल, पण त्या कामात मुरलेला असेल. उद्या जा. विचारा. आणि विचारून झालं की मधे बोलू नका.

मीही आता विचारतो. आजी, अहो खांबाला टेकलेल्या आजी — तुम्ही या देवळात पन्नास वर्षं कीर्तनं ऐकताय. सांगा, आणखी बोलू की थांबू?

काय म्हणालात?

आजी म्हणताहेत, "थांबा बुवा, प्रसादाचा शिरा गार होतोय."

थांबलो.