परागचं पिस्तूल

परागने महिनाभर आमचं डोकं खाल्लं होतं. आम्ही आखातात, अल नस्र भागात एका फ्लॅटमध्ये राहायचो आणि याचं रोज एकच, शूटिंग रेंजवर गेलो की ऑस्ट्रियन पिस्तूल घ्यायचं की अमेरिकन? दोन्ही प्लॅस्टिक बॉडीची, दोन्ही जगभर खपणारी. व्हिडिओ बघून याला एकाचा ट्रिगर आवडायचा, दुसऱ्याची पकड.

शेवटी एका शुक्रवारी म्हटलं, यल्ला, चल एकदाचा!

रेंजवरच्या नेपाळी इन्स्ट्रक्टरने दोन्ही पिस्तुलं टेबलावर ठेवली. "सर, दोनों खाली हैं. हाथ में लेके देखो."

परागने ऑस्ट्रियन उचललं आणि घरी दसऱ्याला हत्यारांना नमस्कार करतात तसं डोळे मिटून, नळीसकट, सरळ कपाळाला लावलं.

मी दोन पावलं मागे सरकलो. इन्स्ट्रक्टरने मात्र शांतपणे त्याचा हात खाली घेतला. "सर, दशहरे में हम भी हथियार पूजते हैं. पर सिर झुकाते हैं, नली नहीं उठाते."

"सॉरी, सवय आहे... आदत है," पराग म्हणाला. "तो इसमें से कौनसा लूँ?"

इन्स्ट्रक्टरने दोन्ही पिस्तुलं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि छर्र्याची रायफल पुढे केली.

"आप ये लो, सर. लंबी है, माथे तक नहीं आएगी."