लोखंड सात, गंधक चार

सर : अहो मामा, बावीस वर्षं हा प्रयोग करतोय. लोखंड अधिक गंधक. एकदाही फसला नाही. आज समितीसमोर काय फसणार!

मामा : एकदाही जमला नाही, सर.

सर : काय?

मामा : मी कालच रिटायर झालो. आज नुसत्या लॅबच्या किल्ल्या द्यायला आलोय, म्हणून सांगतो. तुम्ही परीक्षानळी तापवता आणि सूत्र लिहायला फळ्याकडे वळता. तेवढ्यात मी नळी बदलतो.

सर : बदलता?

मामा : दुसरीत काळा खडा असतो. चुंबकाला न चिकटणारा. खरा.

सर : आणि माझा?

मामा : तुमचा चिकटतो.

सर : अहो, पोरं टाळ्या वाजवतात!

मामा : त्या मला असतात.

सर : तो खडा केला कुणी?

मामा : तुमच्या आधीच्या बाईंनी. एकच होता. बावीस वर्षं पुरवला.

सर : द्या इकडे, आत्ताच्या आत्ता! अकराला समिती येतेय. प्रयोग फसला तर लॅब बंद, इथे कॉम्प्युटर, आणि मला सहावीचा भूगोल!

मामा : काल तुम्हीच म्हणालात, जाता जाता कपाटातला कचरा फेका. फेकला.

सर : आणि तुम्ही ऐकलंत?

मामा : शेवटचा दिवस होता. म्हटलं, एकदा ऐकावं.

सर : संपलो मी. माझं चुकतं तरी कुठे?

मामा : चमच्यात. एक चमचा लोखंडाचा कीस, एक चमचा गंधक.

सर : मग? सारखंच झालं की!

मामा : चमच्याला सारखं, वजनाला नाही. लोखंड जड. गंधकाला लागतं तेवढं ते घेतं, उरलेलं लोखंड लोखंडच राहतं. चुंबक त्यालाच ओढतो.

सर : हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मामा : तुम्ही. वजनानं सात भाग लोखंड, चार भाग गंधक. दरवर्षी फळ्यावर लिहिता. पोरं उतरवून घेतात, मी मागे उभा राहून ऐकतो. ऐकत नाही ते एकटे तुम्ही.

सर : तराजू काढा.

मामा : हा घ्या. आणि जपून, गंधक सांडतंय.

सर : सात... आणि चार. कालवलं.

मामा : आधी चुंबक फिरवा.

सर : कीस वर आला, पिवळं खाली राहिलं. म्हणजे मिश्रण.

मामा : म्हणजे अजून दोघं आपापल्या घरचे. परत कालवा आणि घाला नळीत. आता लावा बर्नर. मी खिडकी उघडतो.

सर : लाल झालं! बर्नर काढतो... मामा! मामा, बर्नर काढला तरी लाली पुढे सरकतेय! आपली आपण!

मामा : हं.

सर : हे असं होतं?

मामा : दरवर्षी होतं. तुम्ही तेव्हा फळ्याकडे असता.

सर : दोन मूलद्रव्यं जुळली की तिसराच पदार्थ तयार होतो. संयुग. त्यात ना लोखंडाचा गुण उरतो, ना गंधकाचा. झोपेत विचारा, सांगेन. पण बघितलं नव्हतं हो कधी.

मामा : गार होऊ दे. मग नळी फोडून चुंबक लावा.

सर : एक विचारू? इतकी वर्षं बोलला का नाहीत?

मामा : पहिल्याच वर्षी बोलणार होतो. पण तुम्ही इतके खूश झालात की मला मिठी मारलीत. मग राहून गेलं.

सर : गार झालं वाटतं. फोडतो. नाही चिकटत! मामा, नाही चिकटत!

(आगीची घंटा. थोड्या वेळाने मुख्याध्यापिका धापा टाकत दारात.)

बाई : सर, खिडकीतून काय सोडलंत? तो धूर, तो वास! समितीच्या अध्यक्षांनी स्वतः घंटा बडवली. सगळी शाळा मैदानात उभी आहे!

सर : बाई, जमला! हे बघा, चुंबकाला दादच देत नाही! समितीला वर आणा!

बाई : आणताहेत. चौघं मिळून, उचलून. अध्यक्ष पळता पळता बास्केटबॉलच्या खांबावर आपटले. कपाळाला खोक पडलीय, आणि प्रथमोपचाराची पेटी सबंध शाळेत फक्त तुमच्याकडे.

सर : मामा, पेटी! आयोडीन काढा!

मामा : कापूस आहे. आयोडीन तुम्ही सोमवारी बटाट्याच्या प्रयोगात संपवलंत.