कूम आणि लाल त्रिकोणाचं बटण

नाही, मला एक सांगा! डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं, अंगठ्याएवढं... ते बदलायला अख्खा डॅशबोर्ड अंगणात काढून ठेवावा लागतो का हो? नाही ना? नखानं उचकटलं, वायर काढली, नवं दाबून बसवलं, झालं! पण हे आमच्या तिहोमिरला सांगून बघा! आणि मी तर सांगूही शकत नाही, कारण तिहोमिर माझा कूम. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिला, माझ्या पोरीला, विश्न्याला, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातावर धरलं. आम्हा सर्बांच्यात सख्ख्या भावाशी भांडा, सासऱ्याला हाकलून द्या, पण कुमाला नाही म्हणायचं नाही. कूम आहे! बोलायचं काही नाही.

तर तुम्हाला सांगतो, विश्न्याच्या लग्नाची सकाळ. नवरदेवाकडची मंडळी लांबलचक काळी गाडी आणणार होती, पण पोरगी हटून बसली, 'चर्चला जाईन तर बाबांच्या व्हॅनमधूनच!' का, तर लहानपणी बाजाराला जाताना त्या व्हॅनमध्ये मिरच्यांच्या खोक्यांत झोपायची ती! मला असं भरून आलं म्हणता... व्हॅन धुतली, फुलं बांधली, चावी फिरवली, बटण दाबलं, आणि ढिम्म! आमच्या म्हाताऱ्या व्हॅनचं ते बटण गेलं की साधे इंडिकेटरही जातात, सगळं त्यातच गुंतलेलं. आमच्याकडे वरात चारही दिवे लुकलुकवत निघते; आता पुढची गाडीच अशी मुकाट निघाली तर लोक विचारणार ना, कोण गेलं म्हणून?

धावत भंगारवाल्याकडून बटण आणलं, हात घालणार तोच मागून आवाज, 'थांब रादोये! विजेचं काम आहे ते. तू कॉफी पी, मी बघतो!'

विजेचं काम! याचं विजेचं ज्ञान किती? एकदा माझ्या गोठ्यात दिवा लावून दिला, तेव्हापासून गाय आत जायला तयार नाही! पण कूम आहे... बोलायचं काही नाही.

आणि सुरू झालं की हो! आधी रेडिओ आला बाहेर, मग हीटर, मग काटे, मग अख्खा डॅशबोर्ड गवतावर! बायको कानाशी, 'अहो, बटण इतकं खोल असतं?' 'हळू बोल गं, कूम आहे!' विश्न्या पांढऱ्या झग्यात पायरीवर, डोळे भरलेले, 'बाबा, मी ट्रॅक्टरवर जाऊ का?' आणि फाटकात नवऱ्याची मंडळी हजर! आमच्याकडे उंच काठीवरचं सफरचंद बंदुकीनं पाडल्याशिवाय त्यांना आत यायचं नसतं, म्हणून मी गुपचूप जाऊन सफरचंद आणखी वर बांधून आलो. तर जावयानं पहिल्याच बारात पाडलं! एरवी मी मिठीच मारली असती त्याला.

पण तिहोमिर... काय छाती हो त्या माणसाची! जराही हात थरथरत नाही! एकेक वायर कानाला लावतो, मान डोलावतो, 'ही त्या पिवळीवर रुसलीय,' म्हणतो आणि तिसरीलाच जोडून टाकतो! मी कॉफी विसरून बघतच राहिलो. सगळं परत बसवलं, ओंजळभर स्क्रू उरले, ते खिशात टाकले, 'कंपनीवाले जास्तीचे घालतात रे!' आणि बटण दाबलं...

चारही दिवे! देवाशप्पथ, चारही! आणि प्रत्येक लुकलुकीला हॉर्न, आपोआप, ठेक्यात! पाँ! पाँ! पाँ! माझा आ वासलेलाच राहिला. 'वरातीला हॉर्न लागतोच ना,' म्हणतो, 'तोही देऊन टाकला!' 

निघालो! मागे पाँऽ पाँऽ करत सगळ्या गाड्या, दारादारांत माणसं, म्हाताऱ्या डोळे पुसतायत, शेजारी विश्न्या हसतेय, रडतेय, माझा दंड घट्ट धरून बसलीय... अंगावर काटा आला हो माझ्या! तेवढ्यासाठी त्यानं इंजिन उसवलं असतं तरी चाललं असतं.

आता चर्चशी पोचल्यावर ते बंद होईना, हे खरं. पाद्रीबाबांना हॉर्नच्या वर आवाज काढून गावं लागलं. पण लग्न लागलं! साक्षीला कोण? तिहोमिरचा मुलगा बोशको. हे कूमपण बापाकडून मुलाकडे जातं आमच्यात.

काल जावयाचा फोन. आवाज रडवेला. 'बाबा, माझ्या नव्या गाडीचा वायपर जरा अडतो असं नुसतं म्हणालो हो मी... बोशकोनं सगळं उघडून अंगणात मांडलंय! काय बोलू त्याला?'

म्हटलं, 'बोलू नकोस, बाळा. स्क्रू गोळा करत बस.'